१२ नंबरचा पाय, गियर लिव्हरखाली बूटच जात नाही, काय करता येईल?

कासारवडवली_ते_महापे

मंडळी, प्रॉब्लेम थोडा विचित्र वाटेल पण ज्यांचे पाय मोठे आहेत त्यांना लगेच कळेल. माझी उंची सहा फूट दोन इंच आणि बूट यूके १२, म्हणजे युरोपियन ४७. गाडी १६० सीसीची साधी कम्यूटर, कुठल्या कंपनीची ते मुद्दाम लिहीत नाही कारण मग सगळा धागा माझी भारी तुझी भंगार याच्यावरच जातो. एक गियर खाली चार वर, लिव्हरला फक्त पुढचं टोक, मागे टाचेची पट्टी नाही.

रोजचा रस्ता घोडबंदर रोड, माजिवडा, कळवा, विटावा आणि मग ठाणे-बेलापूर रोडने महापे. ज्यांना हा रस्ता माहितीये त्यांना सांगायला नको की कळव्यापर्यंत पहिला दुसरा पहिला दुसरा एवढंच चालू असतं, तिसरा टाकायची वेळ ऐरोलीच्या पुढे येते. आणि दर वेळी पहिल्यातून दुसऱ्यात जाताना बुटाचं टोक लिव्हरखाली घालायचं म्हणजे मला अख्खा पाय फुटरेस्टवरून उचलून मागे घ्यायला लागतो, मग बूट तिरका करून आत ढकलायचा, मग वर. कधीकधी अर्धवट लागतो आणि गाडी न्यूट्रलमध्ये गुरगुरत राहते, मागचा रिक्षावाला आपली वंशावळ काढतो. संध्याकाळी घरी आल्यावर पावलाच्या वरच्या बाजूला आणि घोट्याच्या पुढे चांगलं दुखतं.

त्यात कंपनीत स्टील टोचे सेफ्टी शूज कंपल्सरी आहेत. ते पुढून इतके जाड असतात की लिव्हर आणि फुटरेस्ट यांच्या मधल्या जागेत बसतच नाहीत.

उजवीकडे वेगळंच. पाय नीट ठेवला तर चवडा ब्रेक पॅडलच्या पण पुढे जातो, त्यामुळे पॅडलवर पायाचा मधला भाग येतो आणि नकळत वजन पडत राहतं. मागून येणाऱ्या एका मित्राने सांगितलं की तुझा ब्रेक लाइट कायम पेटलेला असतो. त्याच्यावर उपाय म्हणून मी दोन्ही पाय बाहेरच्या बाजूला फाकवून बसतो, तर टाच मागच्या माणसाच्या फुटरेस्टच्या ब्रॅकेटला घासते आणि पुढचं टोक रिक्षांच्या मडगार्डला.

जवळच्या मेकॅनिकला विचारलं तर म्हणाला सवय होईल. एका ॲक्सेसरीवाल्याने रेसिंगचे रिअरसेट दाखवले, भाव ऐकून मीच मागे सरकलो. कोणी याच्यावर खरंच काही केलंय का? जास्त खर्च न करता, आणि गाडीची वाट न लावता.

---

लेथवाला_वागळे

भावा, रिअरसेट अजिबात घेऊ नकोस. रिअरसेटने फुटरेस्ट मागे आणि वर जातात, सहा फूट दोन इंचाच्या माणसाचे गुडघे आधीच टाकीच्या वर येत असतील, ते अजून दुमडतील. हा इलाज तुझ्या रोगावरचा नाहीच.

आधी एक हिशोब बघ. यूकेच्या मापात एक नंबर म्हणजे इंचाचा तिसरा भाग, साधारण साडेआठ मिलिमीटर. नऊ नंबरवाल्यापेक्षा तुझा बूट तीन नंबर मोठा म्हणजे बरोबर एक इंच लांब. हा सगळा इंच फुटरेस्टच्या पुढे जात नाही, थोडा मागे टाचेकडे पण जातो, म्हणजे पुढे अर्धा ते पाऊण इंचच जास्त येतो. एवढ्या लांबीने पाय अडकत नाही. तुझा पाय अडकतोय उंचीमुळे. सेफ्टी शूजच्या आत स्टीलची टोपी असते, तिच्यावर लेदर, खाली जाड सोल, आणि सोल वाकत नाही. लिव्हरच्या टोकाखाली तेवढी जागाच नाहीये. लोक पहिल्यांदा लांब लिव्हर शोधायला जातात, पण आधी लिव्हर वर घे, ते फुकट आहे, आणि निम्म्या लोकांचं काम तिथेच होतं.

आता तुझ्या गाडीचं लिव्हर कसं बसवलंय ते खाली वाकून बघ. दोन प्रकार असतात.

एक म्हणजे लिव्हर फुटरेस्टजवळ फिरतं आणि तिथून एक बारीक रॉड इंजिनमधून येणाऱ्या शाफ्टकडे जातो. तसं असेल तर तू नशीबवान. रॉडच्या दोन्ही टोकांना चेकनट (रॉड आपोआप फिरू नये म्हणून आवळलेले नट) असतात, बहुतेक दहाचा पाना लागतो. त्यातल्या एका बाजूचे आटे उलटे असतात, म्हणून एक नट सुटत नसेल तर जोर लावायच्या आधी दुसऱ्या दिशेने फिरवून बघ, पुष्कळ जण तिथेच नट गोल करून ठेवतात. दोन्ही चेकनट सैल केले की मधला रॉड नुसता हाताने फिरवायचा, लिव्हरचं टोक वर किंवा खाली जातं. अर्धा फेरा फिरव, गाडीवर बस, बूट घालून बघ, परत अर्धा. रॉडचे आटे दोन्हीकडे भरपूर आत राहिले पाहिजेत, अगदी टोकावर आणून ठेवलास तर एखाद्या खड्ड्यात रॉड निसटेल आणि तू माजिवड्याच्या पुलावर एकाच गियरमध्ये. शेवटी चेकनट घट्ट.

दुसरा प्रकार म्हणजे लिव्हर सरळ इंजिनच्या शाफ्टवरच बसवलेलं. शाफ्टला दाते असतात आणि लिव्हरला चिमटा घेणारा एक बोल्ट. हा बोल्ट नुसता सैल करून लिव्हर ओढायचं नाही, कारण बोल्ट शाफ्टवरच्या खाचेतून जातो, पूर्ण बाहेर काढावा लागतो. काढायच्या आधी मार्करने शाफ्ट आणि लिव्हरवर एक रेघ मार. मग लिव्हर बाहेर ओढ, एक दात वर फिरवून परत बसव. यात बारीक ॲडजस्टमेंट मिळत नाही, जे काही ते एक एक दाताने. लिव्हर पूर्ण आत गेलं पाहिजे नाहीतर बोल्ट खाचेत बसणार नाही, आणि बोल्ट घट्ट करताना माणुसकी ठेव, शाफ्टचे दाते गेले तर इंजिन खोलायची वेळ येते.

आणि हो, लिव्हरच्या टोकावर रबर असतं ना, ते जुनं असेल तर फुगून जाड झालेलं असतं. नवीन घाल किंवा पातळ मिळालं तर पातळ. तीन-चार मिलिमीटर तिथेच सुटतात. पूर्ण काढून टाकू नकोस, पावसात ओल्या बुटाखालून नुसतं लोखंड सटकतं.

हे सगळं सेफ्टी शूज घालून करायचं, चप्पल घालून सेटिंग करून काही उपयोग नाही. आणि वर घेतल्यावर खालचा गियर पण टाकून बघ. लिव्हर जास्त वर गेलं की वरचे गियर मस्त पडतात पण खाली दाबायला पाय उचलून वर ठेवावा लागतो, म्हणजे रोग डावीकडून उजवीकडे गेला एवढंच.

---

टाचेने_टाक

एवढं कशाला करताय, टाचेची पट्टीवालं लिव्हर लावून टाका. पुढून दाबलं की खाली, मागून टाचेने दाबलं की वर. बूट लिव्हरखाली घालायची भानगडच नाही. बुटाचं पॉलिश पण जात नाही. माझे वडील आयुष्यभर तसंच चालवत आले, त्यांच्या बुटावर कधी तो काळा डाग दिसला नाही. बऱ्याच गाड्यांना असं लिव्हर बाजारात मिळतं, कुर्ल्याला सीएसटी रोडला जाऊन बघा.

---

लेथवाला_वागळे

टाचवाल्या लिव्हरला माझा विरोध नाही पण १२ नंबरला ते उलटं गळ्यात पडू शकतं. पुढची पट्टी आणि मागची पट्टी यांच्यातलं अंतर ठरलेलं असतं आणि ते मधल्या पायांसाठी केलेलं असतं. मोठा बूट त्या दोघांच्या मध्ये अडकून बसतो, पुढे दाबायला गेलं तर टाच मागच्या पट्टीवर टेकते. खड्ड्यात पाय हलला आणि टाच पडली की चालत्या गाडीत वरचा गियर. घ्यायचंच असेल तर आधी बूट घालून दुकानात लिव्हर जमिनीवर ठेवून मध्ये पाय ठेवून बघ, हसू देत दुकानदाराला.

आणि दुसरं, नवीन मुलांना हे माहीत नसतं, सगळ्या गाड्यांचा पॅटर्न सारखा नसतो. स्प्लेंडरला चारही गियर पुढून दाबूनच पडतात, तिथे वर जायला बूट लिव्हरखाली घालायची वेळच येत नाही, टाच लागते ती गियर कमी करायला. तुझ्या बाबांचं ते सुख त्यातलं असेल. एक खाली चार वरवाल्या गाडीला टाचेची पट्टी लावली की टाचेने गियर वाढतो. ज्याला दोन्ही गाड्या आलटून पालटून चालवायच्या असतात त्याने जपून.

---

खारघरची_रायडर

मी बाई आहे आणि माझा पाय ९ नंबर. बायकांच्या बुटांत ७ च्या वर काही मागितलं की दुकानात लोक सहानुभूतीने बघतात, त्यामुळे मी वर्षानुवर्षं पुरुषांचेच बूट घालते. म्हणून हा धागा बघून बरं वाटलं.

लेथवाले दादा म्हणतात ते सगळं बरोबर, पण लिव्हरला हात लावायच्या आधी पाय कुठे ठेवतोस ते बघ. तू लिहिलंयस "पाय नीट ठेवला तर", म्हणजे तुझा तळव्याचा खोलगट भाग फुटरेस्टवर येतोय बहुतेक. तसं बसलं की पुढे खूप पाऊल उरतं आणि ते खाली लोंबतं, बुटाचं टोक लिव्हरच्या खूप पुढे आणि खाली जातं. स्पीडब्रेकरला ते टोक घासतं ते वेगळंच. मोकळ्या रस्त्यावर चवडा फुटरेस्टवर ठेव, टाच थोडी मागे आणि गाडीला चिकटलेली. मग गियरसाठी पाय पुढे सरकवायचा, पण उचलायचा नाही, फुटरेस्टवर घसरवायचा. वर टाकताना जोर घोट्यातून नाही तर गुडघ्यातून द्यायचा, म्हणजे गुडघा जरा वर उचलला की पाऊल आपोआप वर जातं. तुझं पावलाच्या वर जे दुखतंय ते मला वाटतं घोटा एकटाच सगळं काम करतोय म्हणून. नडगीच्या पुढचा जो स्नायू आहे, पाऊल वर उचलणारा, तो छोटा असतो बिचारा, ट्रॅफिकमध्ये तासभर जाड बुटाचं वजन उचलून उचलून थकतो.

ट्रॅफिकमध्ये चवडा फुटरेस्टवर ठेवून चालत नाही, कारण मागचा ब्रेक कधीही लगेच मारावा लागतो, तिथे पाय पुढेच पाहिजे. म्हणून सेटिंग पण लागतंच. पण सराव रविवारी पहाटे सेंट्रल पार्कच्या बाजूच्या रुंद रस्त्यांवर कर, गाड्या नसतात तेव्हा. पाम बीचवर करू नकोस, तिथे सगळे विमान उडवत असतात.

आणि प्लीज, सेफ्टी शूज बॅगेत टाकून ने. गेटवर बदल. स्टीलच्या टोपीतून लिव्हर बोटांना जाणवतच नाही, गियर पडला का नाही हे तू आवाजावरून ओळखत असशील.

---

कासारवडवली_ते_महापे

ताई, आवाजावरूनच ओळखतो, अगदी बरोबर. बुटांचं म्हणाल तर गेटच्या बाहेर बदलायला जागा नाही आणि पावसाळ्यात रस्त्यावर मोजे बदलणं म्हणजे सर्कस. पण लॉकर मिळतोय का विचारतो.

खाली वाकून बघितलं. माझं लिव्हर सरळ शाफ्टवर आहे, रॉड नाही. म्हणजे नशीबवान नाही. मागे डिस्क ब्रेक आहे. लिव्हरच्या टोकापासून फुटरेस्टच्या मध्यापर्यंत टेप लावली तर १३० मिलिमीटर आलं. एकाने सांगितलं की लिव्हर कापून मध्ये तुकडा वेल्ड करून एक इंच लांब करून घे, त्याने फरक पडेल का?

---

नौपाड्याचा_बुलेटवाला

बाळा, आमच्या वेळी बुलेटला गियर उजवीकडे आणि ब्रेक डावीकडे असायचा, आणि वर न्यूट्रल फाइंडरची वेगळी दांडी. तेव्हा गियर लिव्हर एवढं मोकळं असायचं की गमबूट घालून पण पडायचे. आत्ताच्या गाड्यांत सगळंच अंगाला चिकटून असतं. असो, म्हाताऱ्याची रड.

वेल्डिंगबद्दल एवढंच सांगतो की लिव्हर गाडीवर असताना कोणालाही वेल्डिंग करू देऊ नकोस. कारागीर म्हणतो दोन मिनिटांचं काम आहे साहेब, कशाला काढताय. उष्णता शाफ्टमधून आत जाते, ऑईल सील जळतो आणि मग डाव्या बाजूने ऑईल ठिबकायला लागतं. वेल्डिंगचा करंट बेअरिंगमधून आणि गाडीच्या इलेक्ट्रॉनिक्समधून फिरतो ते वेगळं. लिव्हर काढून हातात न्यायचं, वाइसमध्ये धरून काम करून घ्यायचं. आणि लिव्हरला आधी चुंबक लावून बघ. चिकटलं तर लोखंडी, काम होईल. नाही चिकटलं तर ॲल्युमिनियमचं, त्याला साध्या वेल्डिंगवाल्याकडे नेऊ नकोस आणि वाकवू तर अजिबात नकोस, कडकन तुटतं.

---

लेथवाला_वागळे

काका बरोबर बोलले, त्यात मी भर घालतो.

एक इंच लांब केलंस तर १३० चं १५५ होईल. जोर कमी लागेल पण टोकाला त्या मानाने जास्त फिरावं लागेल. तुझी तक्रारच ही आहे की पाऊल वर न्यायला जागा नाही आणि घोटा दुखतो. मग पाऊल अजून जास्त वर न्यायला लागलं तर कसं व्हायचं? लांब लिव्हरचा फायदा त्याला होतो ज्याचा अंगठा लिव्हरच्या पार पुढे जातो आणि बूट टोकावर न बसता दांडीवर बसतो. तुझं तसं होतंय का ते बघ, बुटावर काळा डाग कुठे पडतोय त्यावरून कळेल. डाग अंगठ्याच्या मागे, लेसच्या सुरुवातीला असेल तर १०-१५ मिलिमीटर लांबी कामाची, पूर्ण इंच नाही. डाग अंगठ्यावर असेल तर लांबीला हात लावू नकोस.

लांब लिव्हरचा अजून एक धोका, गाडी डावीकडे पडली की ते आत वाकून इंजिनच्या कव्हरला लागतं. ऑफरोडच्या गाड्यांना म्हणूनच दुमडणारं टोक देतात, पडलं की टोक मागे दुमडतं, कव्हर वाचतं. तसं टोक वेगळं मिळालं तर ते बसवून घेणं चांगलं.

आता शाफ्टवालं लिव्हर आहे तर एक दात वर कर आधी. एक दात म्हणजे टोकाला बरंच होतं, जास्त वाटायची शक्यता आहे. जास्त वाटलं आणि लिव्हर लोखंडी असेल तर काढून कोणा चांगल्या माणसाकडे तापवून थोडं खाली वाकवून घे, म्हणजे एक दात वर आणि थोडं खाली, मधली जागा मिळते. वागळे इस्टेटमध्ये रोड नंबर १६ च्या पट्ट्यात विचारलंस तर कोणीही करून देईल, चहाच्या भावात. तापवून वाकवल्यावर पाण्यात बुडवू देऊ नकोस, हवेत थंड होऊ दे.

आता उजवीकडचं, कारण तिकडे गंमत नाही.

मागे डिस्क आहे म्हणजे पॅडलच्या मागे मास्टर सिलेंडर, म्हणजे ब्रेकचं ऑईल दाबून पुढे ढकलणारा भाग, असणार, त्यात जाणारा एक छोटा पुशरॉड, त्याला पण चेकनट. पॅडलची उंची तिथे बदलते. तुला पॅडल थोडं खाली पाहिजे, म्हणजे पाय आरामात ठेवलास तरी त्याच्यावर वजन पडणार नाही. पण हा रॉड फिरवताना थोडा तरी फ्री प्ले राहिलाच पाहिजे, म्हणजे पॅडल दाबायला सुरुवात केल्यावर पहिल्यांदा थोडं मोकळं जायला हवं. तो संपवलास आणि रॉड सतत पिस्टनला टेकून राहिला तर ऑईल टाकीत परत जायचं जे बारीक भोक असतं ते बंद होतं. मग ब्रेक थोडा थोडा लागलेलाच राहतो, डिस्क तापते, ऑईल तापून फुगतं आणि ब्रेक अजून घट्ट होतो. शेवटी मागचं चाक चालत्या गाडीत जाम. म्हणून हे स्वतः करायचं असेल तर गाडी मेनस्टँडवर घेऊन, मेनस्टँड नसेल तर पॅडॉकवर (मागचं चाक उचलून धरणारा वेगळा स्टँड), चाक हाताने फिरवून बघायचं, मोकळं फिरलं पाहिजे. मग एक छोटी चक्कर मारून ये, उतरून डिस्कजवळ हात ने, पण लावू नको, दोन्ही डिस्क तुलना करून बघ. मनात थोडी जरी शंका असेल तर सर्व्हिस सेंटरला करून घे, याच्यात पैसे वाचवायचे नाहीत.

पॅडल हललं की ब्रेक लाइटचा स्विच पण परत लावायला लागतो. स्प्रिंगने पॅडलला अडकवलेला छोटा स्विच असतो, त्याचा नट फिरवायचा, स्विचची बॉडी हातात घट्ट धरून, नाहीतर वायर पिळली जाते. फ्री प्ले संपतो तिथे लाइट पेटली पाहिजे. तुझ्या मित्राने जे सांगितलं ते गंभीर आहे, लाइट कायम पेटलेली असली की मागच्याला तू खरा ब्रेक कधी मारलास ते कळत नाही, आणि ठाणे-बेलापूर रोडवर मागे कंटेनर असतो.

ज्यांना मागे ड्रम आहे त्यांच्यासाठी: पॅडलखालच्या स्टॉपर बोल्टने उंची आधी लावा, मग चाकाकडच्या रॉडच्या नटने फ्री प्ले, साधारण २० ते ३० मिलिमीटर. क्रम उलटा केला तर दोनदा करावं लागतं. आणि १२५ सीसीपर्यंतच्या बऱ्याच गाड्यांना २०१९ पासून सीबीएस येतं, म्हणजे मागचं पॅडल दाबलं की पुढचा ब्रेक पण थोडा लागतो. तिथे पॅडलवर पाय ठेवून चालवणारा माणूस दोन्ही ब्रेक घासत चाललेला असतो.

---

कायद्याचं_बोला

मध्येच बोलतो, कंटाळवाणं आहे पण कोणीतरी सांगायला हवं. लिव्हर एक दात फिरवणं, रॉड फिरवणं, पॅडल खाली करणं ही ॲडजस्टमेंट झाली, त्याला कोणी काही म्हणणार नाही. फुटरेस्टचे ब्रॅकेट कापून दुसरीकडे वेल्ड करणं हा बदल झाला. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ त्याच्यासाठीच आहे, आणि जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने पण कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनशी विसंगत बदलांना नाही म्हटलंय. अपघात झाला की इन्शुरन्सवाले असलंच काहीतरी शोधत असतात.

आणि वर टाच मागच्या फुटरेस्टला लागते असं लिहिलंय, त्याच्यावर कोणी म्हणेल काढून टाक ते फुटरेस्ट आणि साडी गार्ड. ते करू नका. केंद्रीय मोटार वाहन नियम १२३ प्रमाणे मागच्या माणसाला धरायला हँडल, फुटरेस्ट आणि मागच्या चाकाचा अर्धा भाग झाकणारं गार्ड पाहिजेच.

---

टाचेने_टाक

कायदेवाले साहेब आले की धाग्याची मजा जाते पण फुटरेस्टचं बरोबर आहे. फोल्डिंग फुटरेस्ट असेल तर एकटं जाताना दुमडून ठेवा ना, टाचेला दीड इंच जागा मिळते. काही गाड्यांत ते सैल होऊन आपोआप उघडतं, तिथला वॉशर बदलायचा.

---

खारघरची_रायडर

आणि मेनस्टँडची जी दांडी बाहेर येते ना, पायाने दाबायची, ती पण बघ. माझ्या जुन्या गाडीला डावी टाच तिलाच लागायची, मी कितीतरी महिने फुटरेस्टला दोष देत होते. स्टँड वर जाऊन ज्या रबरावर टेकतं ते गेलेलं असलं की स्टँड जास्तच वर जातं आणि ती दांडी टाचेच्या वाटेत येते.

---

कासारवडवली_ते_महापे

अपडेट देतो. चुंबक चिकटलं. लिव्हर काढून एक दात वर घेतलं, तर वरचे गियर लोण्यासारखे पण खाली टाकायला पाय उचलावा लागत होता, जसं दादा म्हणाले होते तसंच. म्हणून वागळेला नेऊन तापवून थोडं खाली घेतलं. तिथल्या काकांनी विचारलं कशाला वाकवताय, मी पाय दाखवला, ते म्हणाले अच्छा, आणि पुढे काही बोलले नाहीत. आता सेफ्टी शूज घालून पण टोक लिव्हरखाली जातं, थोडं घासून जातं पण जातं. बुटावरचा डाग अंगठ्यावरच होता म्हणून लांबी वाढवली नाही.

डावी टाच फुटरेस्टला नाही, खारघरच्या ताई म्हणाल्या तसं मेनस्टँडलाच लागत होती. रबर नव्हतंच.

उजवीकडचं सर्व्हिस सेंटरला करून घेतलं, मी स्वतः हात लावला नाही. त्यांनी पॅडल खाली घेतलं, स्विच लावला. पण एक आहे, आता ब्रेक लावायला पाऊल जास्त खाली दाबायला लागतं आणि माझा सोल कडक आहे म्हणून किती जोर लागला ते नीट कळत नाही. थोडं परत वर घेऊ का असंच राहू देऊ?

दुखणं कमी आहे. विटाव्याच्या पुलाखाली पाणी भरलं होतं त्या दिवशी मात्र परत तेच, पहिल्यातच जायचं आणि पाय पाण्यात.

---

लेथवाला_वागळे

राहू दे सध्या. बूट ओले असतात तेव्हा तसंही काही नीट जाणवत नाही, पाऊस संपला की कोरड्या रस्त्यावर बघ आणि मग ठरव. वर घ्यायचं झालं तर अगदी थोडं, आणि परत चाक फिरवून बघायचं. पाण्यातून गेल्यावर मागचा ब्रेक हलका हलका दोन-तीनदा दाबून डिस्क सुकवून घ्यायची, आणि नंतर पाय पॅडलवरून काढायचा, विसरायचं नाही.

---

नौपाड्याचा_बुलेटवाला

लिव्हर तापवलेलं आहे तर तिथे रंग मार बाळा, नाहीतर पावसात पहिल्यांदा तिथूनच गंज धरेल.

---

घणसोली_स्कूटर

माझा पाय ११ आणि स्कूटर आहे, फ्लोअरबोर्डवर पाय आडवा ठेवावा लागतो, गुडघा हँडलला लागतो. त्याच्यावर काही आहे का?

---

लेथवाला_वागळे

त्याच्यात वाकवायला काही नाही भाऊ, सीट आणि हँडलमधलं अंतर बघूनच गाडी घ्यावी लागते. वेगळा धागा काढ, स्कूटरवाले पुष्कळ आहेत इथे.